बोटांनी लावलेले नट

पूजेच्या पाटावर गाडीची किल्ली नव्हती.

बाकी सगळं जागेवर होतं. पान्हे, हातोडे, रबर कापायच्या सुऱ्या, प्रेसचं हँडल. सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू. किल्ली आदल्या दिवशी मीच पाटाच्या कोपऱ्यात ठेवली होती. दसऱ्याची सकाळ होती. मी सदरच्या बाजारातून आपट्याची पानं घेऊन नुकतीच परतले होते. पिशवी टाकली आणि शेडमध्ये जाऊन पाहिलं. गाडीही नव्हती. चाकाखाली ठेवून चिरडलेली लिंबं तेवढी पडली होती.

सासूबाई मागच्या ओसरीत पुरण वाटत होत्या.

"सासूबाई, डॉक्टरची गाडी कुठं गेली?"

"त्याचा भाऊ घेऊन गेला ना. त्याईची माय होती संगं, डॉक्टरच्या दोन्ही पोरी होत्या. खाप्याले चालले सोनं द्याले."

"अन् किल्ली?"

"म्याच देली. पूजा झालेली गाडी दसऱ्याच्या दिवशी शीव ओलांडल्याशिवाय ठेवतेत का वं? नारळही देला त्याच्या हातात."

मी तिथेच पायरीवर बसले. त्या गाडीची पुढची चाकं ज्या बोल्टांच्या जोरावर उभी होती ते बोल्ट आम्ही आवळलेलेच नव्हते. नट नुसते बोटांनी फिरवून लावले होते.

हे कसं झालं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचा रबर मोल्डिंगचा छोटा कारखाना होता. आमच्या यांनी सुरू केला, ते गेल्यावर मी चालवला. कच्च्या रबरात गंधक आणि काजळी मळायची, तो गोळा लोखंडी साच्यात घालायचा, वरून प्रेसने दाबायचा आणि उष्णता देऊन शिजवायचा. साच्याला डाय म्हणतात. जिनिंगवाल्यांचे कपलिंग, पंपांचे वायसर, ट्रक-मोटारींचे बुश, हे आमचं काम. बुश गाडीत बसवायचं काम झिबल मिस्त्रींकडे. गाडीखाली उतरायला शेडमध्ये खड्डा केलेला होता.

बुश म्हणजे काय तेही सांगते. मोटारीचं चाक गाडीला सरळ जोडलेलं नसतं. मध्ये लोखंडी हात असतो, त्याला आर्म म्हणतात. चाक खड्ड्यात गेलं की आर्म खाली जातो, दगडावर चढलं की वर येतो. हा आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे धरतो तिथे बुश असतो. आत एक नळी, बाहेर एक नळी, मध्ये दोन्हीला चिकटलेलं रबर. आतल्या नळीतून लांब बोल्ट जातो. धक्का रबर खातं, माणसापर्यंत कमी पोहोचतो.

डॉक्टर चौरे म्हणायचे, गुडघ्यातल्या गादीसारखंच आहे हे. ते हाडांचे डॉक्टर. दवाखाना धंतोलीत, घर मूळचं खाप्याचं, तिकडे संत्र्याची बाग. त्यांना गाडी पळवण्याचं वेड होतं. ज्या फियाटने ते रोज दवाखान्यात जायचे, तीच फियाट थंडीत कलकत्त्याकडे न्यायचे आणि लढाईच्या काळातल्या जुन्या हवाईपट्टीवर शर्यतीत उतरवायचे. शर्यत संपली की तीच गाडी चालवत परत. आल्यावर पुन्हा पेशंट.

त्या वर्षी पावसाळा सरताना ते माझ्याकडे आले.

"काकू, मले कडक बुश पाहिजे. वळणावर गाडीचं पुढचं तोंड एकीकडे जाते अन् मी दुसरीकडे."

"कडक केले तर रस्त्यावरचा खडा न् खडा ढुंगणाले कळेल, डॉक्टर."

"कळू द्या. घरच्याईले मी सांगून ठेवतो का गाडी आता खडखड करणार, कोणी कुरकुर करायची नाही."

मी कडक केले. काजळी वाढवली, गंधक थोडं वाढवलं, शिजवायला जास्त वेळ दिला. पहिला घाणा तडकला तो फेकला. दुसरा चांगला उतरला.

आता बसवण्याची गोष्ट. बुशमधलं रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं, त्यामुळे आर्म हलला की रबर पिळतं. म्हणून बोल्ट कधी आवळायचा याला महत्त्व आहे. गाडी जॅकवर असते तेव्हा चाकं खाली लोंबतात. तशीच आवळली तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हात वर करून ब्लाउजचं माप दिलं तर हात खाली आल्यावर काखेत जसं ओढतं, तसंच. त्यामुळे आधी नट बोटांनी लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दाबून, हलवून बसू द्यायची, मग खाली शिरून पान्ह्याला पाइप लावून आवळायचे. शेवटी नटात कॉटर पिन घालायची, म्हणजे तो उलटा फिरत नाही.

झिबल मिस्त्रींनी अष्टमीच्या संध्याकाळी गाडी चाकांवर उतरवली. नट बोटांनी लावलेले होते. पण तोवर कारखान्यातली सगळी अवजारं रॉकेलमध्ये धुऊन पुसून पाटावर गेली होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी अवजारांची पूजा होते आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कोणी अवजाराला हात लावत नाही. आमच्याकडे हे फार कडक होतं. ज्या अवजारावर वर्षभर पोट भरतो त्याला दोन दिवस विश्रांती, असं आमचे हे म्हणायचे.

"बाई, गाडी बसू द्या रबरावर," मिस्त्री म्हणाले. "दसऱ्याच्या संध्याकाळी उत्तरपूजा झाली का आवळून देतो. डॉक्टर कुठं पळून राहिले?"

डॉक्टरांनाही घाई नव्हती. त्यांनीच निरोप धाडला होता की अवजारांबरोबर गाडीचीही पूजा करून टाका. म्हणून गाडीला हार घातला, चाकांना हळद लावली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि किल्ली पाटावर ठेवली.

सासूबाईंना यातलं काय कळणार होतं? चार चाकं जमिनीवर, गळ्यात हार. त्यांना गाडी तयार दिसली.

तर मी पायरीवरून उठले आणि समोरच्या दुकानात जाऊन दवाखान्यात फोन लावला. नर्सने उचलला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते.

"त्याईले सांगा, बोल्ट आवळलेले नाहीत. दोन्ही बाजूचे."

"पेशंटचं नाव काय?" नर्सने विचारलं.

"पेशंट नाही, गाडी. गाडीचे बोल्ट."

"डॉक्टर रॉड टाकून राहिले आत. अर्ध्या तासानं करा."

मी फोन ठेवला. झिबल मिस्त्री दोन घरं सोडून राहायचे. नवीन धोतर नेसून जेवायला बसणारच होते. मी नुसतं म्हटलं, "फियाट गेली खाप्याले. पोरी आहेत आत." त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि राजदूत बाहेर काढली.

पान्हे मात्र पूजेत होते. मिस्त्री पाटासमोर येऊन थबकले.

"बाई, उत्तरपूजा झाली नाही."

"मग मी घेते."

सासूबाई मागून आल्या. "हात नोको लावू वं. वरीसभर भोगावं लागेल."

मी पान्हा उचलला, पाइप उचलला, हातोडा उचलला. हळदीने पान्हा हातातून निसटत होता, तो पदराला पुसला. जॅक आणि कॉटर पिना पिशवीत टाकल्या. नटांच्या डब्यात त्या मापाचा एकही नट नव्हता. ती पिशवी मांडीवर घेऊन मी राजदूतच्या मागच्या सीटवर बसले. तोपर्यंत मी कधी मोटारसायकलवर बसले नव्हते. पडायची भीती वाटायला हवी होती, पण तिला जागाच नव्हती.

बोटांनी लावलेला नट काय करतो, हे मला माहीत होतं. चांगल्या रस्त्यावर तो काही मैल तसाच राहतो. खराब रस्त्यावर प्रत्येक धक्क्याला थोडा थोडा उलटा फिरतो. मग निघून पडतो. तेव्हाही लगेच काही होत नाही, कारण बोल्ट आत असतो. मग बोल्ट सरकायला लागतो. तो पूर्ण निघाला की आर्म सुटतो, चाक गाडीखाली आडवं होतं आणि गाडी ज्या बाजूचं चाक गेलं त्या बाजूला नाक घालते. मी हे मोडलेल्या ट्रकांवर पाहिलेलं होतं. त्या ट्रकांतली माणसं पाहिलेली नव्हती. राजदूतवर बसून मला तीच दिसत होती.

मानकापूरपर्यंत रस्ता बरा होता. पुढे त्या पावसाळ्यात तो उखडला होता. समोरून दीक्षाभूमीकडे येणारे ट्रक लागले होते, माणसांनी खच्चून भरलेले. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, टपावरही पोरं. एखाद्या ट्रकसमोर फियाटचं चाक आडवं झालं तर, हा विचार मी एकदा केला आणि मग नजर मिस्त्रींच्या पाठीवर लावली.

अडचण अशी की दसऱ्याला प्रत्येक गाडीला हार असतो. कोणालाही विचारलं, हार घातलेली पांढरी फियाट पाहिली का, की तो हसायचा. कोराडीला देवीच्या देवळापाशी गाड्यांची ही रांग. मिस्त्री एका टोकाने गेले, मी दुसऱ्या. आमची गाडी त्यात नव्हती. मी एका नारळवालीला विचारलं.

"म्हातारी होती? दोन पोरी, सारखे फ्रॉक?"

"होय वं बाई."

"दर्शन करून आत्ताच गेले. म्हातारी भांडत होती पोराशी. म्हणे माझं कंबरडं मोडलं. त्याईनं नारळ इथंच फोडला."

तो आमचा नारळ होता. माझ्या मनात आलं, इथपर्यंत आले म्हणजे चाक इथपर्यंत टिकलं. वीजघराच्या चिमण्या मागे पडल्या तरी मी हाच हिशोब करत होते. इथपर्यंत टिकलं. आता इथपर्यंत टिकलं. प्रत्येक वळणाला आधी रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात पाहायचे, मग पुढे.

"मिस्त्री, नटाले तेल लावलं होतं?"

"लावलं होतं, बाई. आवळाले सोपं जाते म्हणून."

तेल लावलेला नट लवकर फिरतो.

रेल्वेच्या छोट्या लाईनचं फाटक लागलं आणि तेही बंद. बैलगाड्या, सायकली, दोन ट्रक. फियाट त्यात नव्हती. मी उतरून फाटकवाल्याकडे गेले.

"भाऊ, फियाट गेली का एक? पांढरी. म्हातारी अन् दोन पोरी?"

"गेली ना. फाटक टाकाच्या आधी." तो बिडी विझवत म्हणाला. "पुढचं डावं चाक नाचून राहिलं होतं तिचं. म्या लई हात केले, थांबा म्हणून. पोरीईनं मलेच उलटे हात केले. तो चालवणारा तं रामराम करून गेला."

"फाटक उघडा."

"गाडी येऊन राहिली बाई."

"कुठं आहे गाडी? दिसत तं नाही."

"दिसली नाही म्हणूनच तं माणसं मरतेत. दसऱ्याच्या दिवशी माही नोकरी नोको घेऊ."

त्याचं बरोबर होतं. आम्ही थांबलो. छोट्या लाईनची गाडी म्हणजे माणूस उतरून पाणी पिऊन परत चढेल अशी. तिचा धूर दिसला, मग आवाज आला, मग ती आली. डब्यांच्या दारांत बसलेली माणसं आमच्याकडे पाहत होती. मी दोन्ही हातांनी पिशवी धरून उभी होते. सगळ्या प्रवासात तेवढा वेळ मला सगळ्यात वाईट गेला. राजदूत पळत असताना काहीतरी चाललंय असं तरी वाटत होतं. मिस्त्री फाटकाच्या दांड्याला कपाळ लावून उभे होते. त्यांच्या नव्या धोतराला ग्रीस लागलेलं होतं.

फाटकाच्या पलीकडे खाप्याचा रस्ता फुटतो. तिथून तो शेतांतून जातो आणि एका नाल्यावर उतरतो. त्या नाल्यावर पूल नव्हता, रपटा होता. म्हणजे पाण्यातून जाणारा फरशीचा रस्ता, बाजूला कठडा नाही. परतीच्या पावसाचं पाणी त्यावरून वाहत होतं.

उताराच्या अलीकडे फियाट उभी होती.

मी लांबूनच पाहिली. रस्त्याच्या कडेला, तिरकी. बाजूला दोन फ्रॉक दिसले. एक नऊवारी दिसली. चौथा माणूस दिसेना. राजदूत जवळ गेली तेव्हा गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. पँट, चपला. हलत नव्हते.

मी मोटारसायकल थांबायच्या आधीच उतरले आणि गुडघ्यांवर पडले. तशीच उठले. मग त्यातला एक पाय हलला आणि गाडीखालून आवाज आला, "अरे, नट कुठं गेला हा?"

"सुधाकर, बाहेर ये," मी म्हटलं. "आधी बाहेर ये. काही हात लावू नको."

"काकू? तुम्ही इकडं काहून?"

"बाहेर ये म्हटलं ना."

तो सरपटत बाहेर आला. तेलाने माखलेला, हसत. तो डॉक्टरांचा धाकटा भाऊ, बाग तोच पाहायचा.

"दादानं सांगितलंच होतं का नवीन बुश कडक आहेत, खडखड होईल. म्हणून म्या लक्ष देलं नाही. माय मात्र ऐकेना. तिनं दरवाजा उघडला चालत्या गाडीत."

"मंग काय करू?" त्याची माय रस्त्याच्या दगडावर बसली होती. "पाठीचा खुळखुळा करून टाकला माह्या. म्या म्हटलं थांबव, नाहीतर मी पायीच जाते खाप्याले. या खटाऱ्यापरीस बैलगाडी बरी."

मिस्त्री तोवर पालथे पडून खाली पाहत होते. बराच वेळ पाहत राहिले. मग मला हाक मारली. मी रस्त्यावर गाल टेकवून पाहिलं.

डाव्या बाजूचा नट नव्हता. बोल्ट जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला. त्याचं टोक शेवटच्या भोकाच्या काठावर टेकून राहिलं होतं, चण्याच्या डाळीएवढं. मिस्त्रींनी लांबूनच बोटाने दाखवलं, हात लावला नाही. उजव्या बाजूचा नट शेवटच्या आट्यांवर आला होता. सुधाकर याच्याखाली जाऊन नट शोधत होता.

मिस्त्रींनी जॅक लावला. गाडीचा भार उचलल्यावर आर्म हाताने धरून हातोड्याने बोल्ट परत आत ठोकला. उजव्या बाजूचा नट पान्ह्याने आवळला, कॉटर पिन घातली. डाव्या बाजूला घालायला नट नव्हता. मी रस्त्यावर मागे बरंच अंतर चालून शोधला, सापडला नाही.

"मिस्त्री, बोल्ट तं बसला ना?" सुधाकर म्हणाला. "तार बांधा त्याले. मी हळूहळू नेतो. गाव समोर दिसून राहिलं. जेवाले थांबले असतील सगळे."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. तार बांधून ट्रकवाले अशा गाड्या नेतात, हे त्यांनाही माहीत होतं. मलाही.

"मिस्त्री, चाक काढा," मी म्हटलं.

"कोणतं?"

"डावं. पुढचं."

"काकू, पंक्चर नाही ते," सुधाकर म्हणाला.

मिस्त्रींनी चाक काढलं. मी ते रस्त्याच्या कडेला आडवं टाकलं आणि त्यावर बसले. आता मी उठल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. सुधाकर थोडा वेळ उभा राहिला, मग एक शिवी हासडून बैलगाडी शोधायला गेला. शिवी मला नव्हती, नटाला असावी.

माय मला म्हणाली, "एवढं काय झालं वं? खडखड तं होती नुसती."

"माय, त्या रपट्यात उतरताना डावं चाक आडवं झालं असतं. गाडी पाण्यात गेली असती. पोरी कुठं बसल्या होत्या?"

"पुढं. डाव्या बाजूले. खिडकीशी कोण बसते म्हणून भांडत होत्या."

ती दोन्ही पोरींना जवळ ओढून त्यांचे हात धरून बसली. त्या खेळायला जाऊ पाहत होत्या, तर तिने सोडलं नाही. बैलगाडी आली तेव्हाही तिने हात धरूनच त्यांना वर चढवलं. जाताना तिने मला आपट्याचं पान दिलं. मी घेतलं. माझी पानं घरीच राहिली होती, त्यामुळे तिला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

डॉक्टर दुपारी आले, दवाखान्याच्या जीपने. नर्सने निरोप दिला होता. मी चाकावरच बसले होते. मिस्त्री झाडाखाली.

"पोरी?"

"खाप्याले पोहोचल्या. बैलगाडीनं. सगळे बरे आहेत."

मग त्यांना राग यायला मोकळीक मिळाली. "काकू, गाडी तयार नव्हती तं किल्ली पाटावर काहून ठेवली?"

"पूजा तुम्हीच सांगितली होती."

"पूजा म्हणजे डिलिव्हरी नाही."

"ते माझ्या सासूबाईले सांगा. अन् भावाले कोणी पाठवलं गाडी आणाले?"

"म्याच म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी जाऊन आण म्हणून. त्यानं सकाळीच आणली."

मिस्त्रींनी त्यांना बोल्ट कुठे आला होता ते दाखवलं. डॉक्टरांनी वाकून पाहिलं. मग नाल्याच्या काठावर जाऊन बराच वेळ रपट्यावरून वाहणारं पाणी पाहत उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, जेवलात का? आम्ही जेवलो नव्हतो.

गाडी तिथे एक रात्र राहिली. सुधाकरने बागेतला माणूस राखणीला बसवला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री नवीन नट घेऊन गेले आणि गाडी आणली. डाव्या बाजूच्या बुशची आतली नळी बोल्टने घासून खराब झाली होती, तो बुश मी नवीन केला. गाडी चाकांवर उभी करून, बसू देऊन, पाइप लावून बोल्ट आवळले. पिना मी स्वतः पाहिल्या. थंडीत डॉक्टर कलकत्त्याकडे गेले. बुश टिकले. शर्यतीच्या दुसऱ्याच चकरीत क्लच जळाला आणि गाडी रेल्वेने परत आली. त्यानंतर माय त्या गाडीत कधी बसली नाही. ती एसटीने येते-जाते, असं डॉक्टर सांगायचे.

सासूबाईंनी त्या दिवशी माझ्याशी भांडण केलं, पान्हे पूजेतून उचलले म्हणून. किल्ली का दिली, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "म्या काय गाडीखाली झोपून पाहू? चारही चाकं जमिनीवर होती."

त्यांचं खरं होतं. बोल्ट आवळलाय की नाही हे बाहेरून दिसत नाही, चाक जमिनीवर आहे हे दिसतं. पाहणारा दिसेल तेवढंच पाहणार. काम अर्धवट असेल तर ते अर्धवट दिसलं पाहिजे, ही जबाबदारी काम करणाऱ्याची. कागदावर लिहून काचेला चिकटवलं तर वाचणारे वाचतात, बाकीचे किल्ली लावतात.

बुश बसू देण्यासाठी गाडी चाकांवर ठेवावीच लागते, त्यामुळे चाक काढून ठेवायची सोय नसते. म्हणून पुढे आमच्याकडे नियम झाला. बोल्ट आवळायचे राहिले असतील तर ड्रायव्हरची सीट काढून भिंतीला उभी करायची. पूजा असो, नसो. सीट नसलेली गाडी कोणी शीव ओलांडून नेत नाही.